बारावीचे वर्ष आणि आडसालीचा हिशेब



बेणे, लागण, खते, तोडणीचा कार्यक्रम यांविषयी या पानांतून आपण नेहमी वाचत आला आहात. या वेळी जरा घरातला विषय घेतला आहे. घरातले पोर बारावी होते, ट्रंक भरते आणि पुण्याला शिकायला निघून जाते, त्या वर्षाविषयी. असे एकही घर नाही असे गाव आपल्या कार्यक्षेत्रात आता सापडणार नाही. आमच्या घरातून दोन पोरे अशी बाहेर पडली. थोरला २०१९ मध्ये आणि धाकटी २०२४ मध्ये. पहिल्या वेळी आमची जी तारांबळ उडाली ती सांगायला लाज वाटते. पण शेजाऱ्याच्या फडात हुमणी लागलेली दिसली की आपण आपल्या उसाच्या मुळ्या उकरून पाहतो ना, तेवढ्यासाठी सांगतो.

थोरला अभ्यासात बरा. आरक्षित जागेतून पुण्यातल्या चांगल्या महाविद्यालयात इंजिनिअरिंगला नंबर लागावा असे गुण त्याला होते. अशा जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणीचा म्हणजे व्हॅलिडिटीचा दाखला लागतो. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. कॉलेजच्या शिपायाने दोनदा निरोप दिला. आम्ही म्हणालो, "निकाल तर लागू द्या, मग बघू." निकाल लागला, पेढे वाटले, आणि मग आम्ही कागद शोधायला लागलो. आजोबांचा शाळेचा उतारा काढला, तर त्यात आडनावाच्या जागी गावाचे नाव! त्या काळी मास्तरांनी लिहिले तसे लिहिले. ते जुळवून देण्यात मुदत गेली आणि जागाही गेली. पोरगं दुसऱ्या गावी, जास्त फीच्या कॉलेजात गेले. आज तो नोकरीला आहे, त्याचे बरे चालले आहे. पण चूक कचेरीची नव्हती, आमची होती.

त्याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळीच. निघायच्या आदल्या रात्री साडेनऊला आम्ही तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात उभे होतो. वीज गेलेली, दुकानदार इन्व्हर्टरवर एकेक पान काढत होता. घरी पोचलो तेव्हा पोरगं झोपलेलं. पहाटे पाचची एसटी. अठरा वर्षे घरात वाढलेल्या पोराला निरोप देताना आमच्या तोंडून निघाले काय, तर "मार्कलिस्ट घेतलीस का?"

कागदापायी पोराची वाट अडते हे काही आजचे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. १८७५ च्या सुमारास ते परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेले, शंभरावर मैल. तिथे वयाची अट होती. वय पुरे होते, पण अंगाने किरकोळ. परीक्षा घेणाऱ्या साहेबाला ते सतरा वर्षांचे वाटेनात. बसू दिले नाही, आल्या पावली परत. पुढे हेच कर्वे पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, हिंगण्याच्या माळावर त्यांनी स्त्रियांसाठी आश्रम उभा केला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले. आमच्या घरच्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "ते कर्वे होते म्हणून परत उठले. आपल्या पोरीला कशाला चालत परत पाठवायचं?" घरच्यांच्या बोलण्याला आमच्याकडे उत्तर नसते.

धाकटीच्या वेळी म्हणून आम्ही निराळी रीत धरली, आणि ती शिकायला बाहेर जावे लागले नाही. आडसाली ऊस लावणारा शेतकरी मुळातच लांबचा विचार करणारा असतो. जुलै-ऑगस्टात लागण केली की तोड सोळा-अठरा महिन्यांनी. को ८६०३२ असो की फुले २६५, चांगले बेणे हवे तर बेणेमळा आदल्या वर्षी धरावा लागतो. ऐन लागणीच्या दिवशी बेणे शोधत गावभर फिरणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे छापण्यासारखे नाही. मग पोराच्या बाबतीत आपण नेमके तसेच का फिरतो?

आधी पैशाचे पाहू. पोर जूनमध्ये बारावीत जाते. त्याच जुलैत लावलेली आडसाली पोराच्या फीला येत नाही. तिची तोड पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, आणि फी मागतात त्याच्या आधी, जुलै-ऑगस्टात. म्हणजे फीचा ऊस तो, जो पोर बारावीत जाताना शेतात आधीच उभा असतो आणि त्या हिवाळ्यात गाळपाला जातो. त्याचे बिल जानेवारी-फेब्रुवारीत हाती येते. कायद्याने ते चौदा दिवसांत मिळावे असे आहे. प्रत्यक्षात केव्हा मिळते ते आपण जाणताच, त्यावर या पानात लिहीत नाही. सोसायटीची वसुली कापून जे उरते त्यावर आधी उसनवारी, मग मार्च ते मे लग्नसराई, मग जूनमध्ये खते. ऑगस्ट उजाडेपर्यंत हात कोरडा. आणि नेमके तेव्हाच पुण्याचा खर्च समोर उभा राहतो: फी, खोलीचे डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, सगळे एकाच आठवड्यात.

२०२४ च्या जानेवारीत बिल जमा झाले त्या दिवशीच, वसुली वजा जाता उरलेल्यातला चौथा हिस्सा आम्ही सात महिन्यांच्या ठेवीत टाकला. एप्रिलमध्ये धाकटे बंधू आले. विहीर आटली होती, बोअर मारायची होती. "दादा, ठेव मोडा, दिवाळीला देतो." मागणे खोटे नव्हते, पाण्यावाचून ऊस वाळत होता. आम्ही जवळजवळ उठलोच होतो पासबुक आणायला. घरच्या म्हणाल्या, "भाऊजी, बोअरला पाणी लागलं नाही तर पोरगी कुठल्या पाण्यानं शिकवायची?" बंधू रागावले, महिनाभर बोलले नाहीत. बोअर दुसरीकडून पैसे उचलून मारली, तिला पाणीही लागले. म्हणजे बंधूंचेही चुकले नव्हते. पण ठेव राहिली ती राहिली.

आता कागद. घरच्यांनी एक जाड वही केली. वही कसली, उसाच्या वजनाच्या पावत्या चिकटवायची आमची जुनी वही उलटी करून मागच्या बाजूने सुरू केली. त्यात कागदाचे नाव, कुठे मिळतो, कधी दिला, कधी घ्यायला जायचे, आणि तो कुठल्या पिशवीत आहे. एवढेच. पण 'कधी' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, हे अनुभवाने सांगतो. व्हॅलिडिटीचा अर्ज ती अकरावीत असतानाच गेला. थोरल्याची व्हॅलिडिटी पुढे निघालीच होती, रक्ताच्या नात्यातला दाखला जोडल्याने या वेळी पुराव्याची दगदग कमी झाली. रहिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला दिवाळीच्या सुट्टीत काढला, तेव्हा सेतूत गर्दी नसते. उत्पन्नाचा दाखला मात्र घाईने आधी काढून उपयोग नाही. ३१ मार्चला मुदत संपते, म्हणून १ एप्रिलनंतर नवा काढायचा. नॉन-क्रिमिलेयरचेही ३१ मार्चकडे लक्ष ठेवायचे. पीककर्जामुळे ३१ मार्च तर आपल्या हाडात बसलेला आहे, त्याच दिवशी वहीत ही खूण करून टाकावी. तलाठ्याचा अहवाल एप्रिलमध्ये सहज मिळतो. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण जिभेवर तलाठीच येते.) जूनमध्ये निम्मे गाव त्याच दारात असते.

नावाची गंमत सगळ्यांनी एकदा बसून पाहावी. दहावीच्या मार्कलिस्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. आमच्या लेकीच्या आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होते. एका अक्षरासाठी दोन फेऱ्या झाल्या, पण त्या फेब्रुवारीत झाल्या म्हणून हसत झाल्या. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. दोन बँकांत खाती असतील तर कुठले खाते जोडलेले आहे ते आधी विचारून घ्यावे, नाहीतर पैसे येतात आणि आपण दुसऱ्याच पासबुकात पाहत बसतो. आणखी एक. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेते. तो हातात आहे तोवरच पाच-सात झेरॉक्स काढून ठेवाव्यात. बाकीचे मूळ कागद दाखवून झाले की घरी आणून सातबाराच्या पेटीत. पोराच्या खोलीत मूळ कागद ठेवू नयेत.

२०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींसाठी एक मोठी गोष्ट केली. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, मराठा आरक्षणातील आणि इतर मागासवर्गातील मुली केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणाला गेल्या, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आमची लेक त्या पहिल्याच वर्षाची. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याचीही योजना आहे. आपल्यातले कितीतरी सभासद त्यात बसतात आणि अर्जच करत नाहीत. हे सगळे 'महाडीबीटी' वर भरायचे असते, आणि दरवर्षी नव्याने भरायचे असते. पोराला सांगून विसरू नका, वहीत लिहा. पैसे येतात ते मात्र उशिरा. त्या भरवशावर ऑगस्टचा खर्च धरू नये.

सांगायला सोपे वाटते, पण घरात सगळे एका मताचे नव्हते. आमच्या मातोश्रींचे म्हणणे, पोरीची जात, पुण्यात एकटी कशी राहील? तालुक्याला कॉलेज आहे की. घरच्या त्यावर काही बोलल्या नाहीत. एक दिवस त्यांनी आजीला रयत शिक्षण संस्थेची गोष्ट सांगितली, ती आजीला निम्मी माहीत होतीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला सगळ्या जातींच्या पोरांचे वसतिगृह चालवले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. मातोश्री गप्प राहिल्या. दोन दिवसांनी म्हणाल्या, "मंगळसूत्राचं माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण बोरमाळ हाय ती घ्या." बोरमाळ मोडायची वेळ आली नाही. पण त्या दिवसापासून पुण्याच्या तयारीत आजीचाही हात लागला.

राहण्याचा प्रश्न सर्वांत अवघड. खेड्यातल्या गरीब पोराला पुण्यात पूर्वी वार लावून किंवा माधुकरी मागून जेवावे लागे. १९०९ मध्ये सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, त्या गरजेतूनच उभे राहिले. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती काढली. खेड्यातून आलेल्या गरजू मुला-मुलींची तिथे राहण्या-जेवणाची सोय होते, आणि पोरे कामही करतात. अशा ठिकाणी प्रवेश गुणांबरोबर घरची परिस्थिती पाहून मिळतो, आणि अर्जाची मुदत कॉलेजच्या प्रवेशाआधी येऊ शकते. निकालाच्या आठवड्यातच चौकशी करावी. पुण्यात आपल्याला साखर संकुल तेवढे पाठ आहे, तेही मोर्चामुळे. त्याच शिवाजीनगरला एखाद्या कामासाठी गेलात तर तासभर जास्त काढून वसतिगृहेही पाहून या.

आमच्या लेकीला कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या यादीत जागा मिळाली नाही. मग नारायण पेठ. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत वाड्यांच्या आणि इमारतींच्या दारावर 'कॉट बेसिस' अशा पाट्या दिसतात. खोलीत तीन-चार खाटा, त्यातली एक आपली. जुलैत, लागण उरकताच, आम्ही दोघे आणि लेक असे एक अख्खा दिवस फक्त खोल्या पाहत फिरलो. घरच्यांनी जे विचारले ते आम्हाला सुचले नसते. पाणी किती ते किती? रात्री दार किती वाजता बंद? डिपॉझिटची पावती देता का? आजारी पडली तर डबा खोलीवर आणून देणारे कोणी आहे का? एका मालकीणबाईंनी उलट विचारले, "तुम्ही उसाचे का?" आम्ही म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, "मग भाडं दर महिन्याला द्यायचं, हंगामाला नाही." बाई फटकळ, पण खोली स्वच्छ होती. तीच घेतली. दोन महिन्यांनी वसतिगृहात नंबर लागला तेव्हा डिपॉझिटही पै न् पै परत दिले.

सामानाविषयी फार सांगत नाही. गादी, बादली, मग इथून लादून नेऊ नये, ते पुण्यात मिळते. पुस्तके अप्पा बळवंत चौकात, जुनीही मिळतात. आपल्याकडून न्यायची ती सोलापुरी चादर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गुळाची छोटी ढेप. पूर्वी एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबे जात, आईच्या हातची भाकरी दुपारपर्यंत पोराला मिळे. स्वारगेटला त्या डब्यांची वाट पाहणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. शिवाजीनगरचे स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले, त्यामुळे जुन्या माहितीवर पोराला वाट सांगू नये. पहिल्या वेळी स्वतः बरोबर जावे.

लेक निघाली श्रावणात, पोळ्याच्या आठ दिवस आधी. निकाल २१ मे ला लागला होता, पण प्रवेशाच्या फेऱ्या त्या वर्षी लांबत लांबत ऑगस्टात गेल्या. घरोघर पालक हवालदिल झाले. आमचे कागद वहीत, पैसे ठेवीत, खोली ठरलेली. मग मधले पंधरा दिवस करायचे काय? काहीच नव्हते. असे रिकामे दिवस आमच्या घरात कधी आले होते ते आठवत नाही. ती आजीजवळ बसून थालीपीठ शिकली. आईबरोबर बाजाराला गेली. एका संध्याकाळी आमच्याबरोबर नव्या लागणीच्या बांधावरून चालत आली. कोंब चांगले फुटले होते. चालता चालता तिने विचारले, "आप्पा, नापास झाले तर?" आम्ही म्हणालो, "खोडवा ठेवू." ती हसली. मग थोड्या वेळाने रडली. थोरल्याला विचारायचे होते की नाही कोण जाणे, त्या वेळी आम्ही झेरॉक्सच्या दुकानात होतो. रात्री त्याला फोन लावला, बराच वेळ बोललो. तो म्हणाला, "आप्पा, आज काय झालं तुम्हाला?"

एक गोष्ट मात्र आमच्या वहीत नव्हती. आमच्या मोबाईलवर कारखान्याची उसाची नोंद, तोडीचा नंबर, वजनाचे संदेश, सगळे लेकच पाहत होती. निघायच्या आदल्या दिवशी तिने आईला जवळ बसवले. कोणते बटण दाबायचे, खेपेचा नंबर कुठे, वजन कुठे, कपात कुठे, दोन-तीनदा करून घेतले. वहीत चित्र काढून दिले. आम्हीही शेजारी बसलो होतो, पण आमच्याकडे कोणी पाहिले नाही.

गौरी-गणपतीला ती आली आणि चार दिवसांनी गेली. पुढे हंगाम सुरू झाला. पहिली गाडी काट्यावर गेली त्या रात्री दहाला मोबाईल वाजला. घरच्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून सगळे वाचले, वहीत वजन लिहिले आणि तोच संदेश पुण्याला पुढे पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आले: "आई, बरोबर वाचलंस. जेवलात का?"